तळहाताएवढा पट्टा

लहान मुलाचं बीपी मोजायचा पट्टा माझ्या तळहाताएवढा रुंद असतो. मोठ्या माणसाचा त्याच्या दीडपट. दोन्हींचं कापड तेच, रबरी नळ्या त्याच, सोडवताना होणारा खर्रकन आवाजही तोच. लांबून बघणाऱ्याला फरक कळत नाही. तेहेतीस वर्षं मी नर्स होते, त्यातली बरीचशी मुलांच्या विभागात. निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. एवढ्या नोकरीचं सार सांगा म्हटलं तर मी त्या दोन पट्ट्यांमधला फरक सांगेन. दुसरं काही मला फारसं सांगता येईल असं वाटत नाही.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "सिस्टर, हलकंफुलकं लिहा. मुलांच्या दवाखान्यातल्या गमतीजमती." गमतीजमती होत्या. एकदोन सांगते. पण दिवाळीच्या अंकात लिहायला बसल्यावर हात आपोआप ज्या गोष्टीकडे जातो ती गमतीची नाही. त्याला माझा इलाज नाही.

आधी काम काय असतं ते सांगते. मुलाला खुर्चीत बसवायचं. पाठ टेकलेली, पाय लोंबकळते नाहीत, खाली स्टूल. पाच मिनिटं गप्प. मग उजव्या दंडावर पट्टा. उजव्याच, कारण काही मुलांची हृदयातून निघालेली मोठी रक्तवाहिनी जन्मापासून अरुंद असते, आणि त्यांचा डावा हात खोटं बोलू शकतो. दंड हृदयाच्या पातळीला. हवा भरायची, कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप ठेवायचा आणि हवा हळूहळू सोडायची. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके नाहीसे होतात तो खालचा. मूल रडत असेल तर थांबायचं, कारण रडण्याने आकडा चढतो. आकडा जास्त आला तर पुन्हा बोलवायचं, मग पुन्हा एकदा. तीन वेगवेगळ्या दिवशी जास्त आला तरच या मुलाला बीपी आहे असं म्हणायचं.

हे वाचायला सोपं आहे. बाहेर बाकांवर साठ आया बसलेल्या असताना पाच मिनिटं गप्प बसायला कुणाकडेच नसतात.

आणि पट्टा. तो दंडाच्या मापाचा हवा. बारीक दंडावर मोठा पट्टा बांधला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. जाड दंडावर छोटा बांधला तर जास्त येतो. मापाचा नसलेला पट्टा काहीतरी आकडा देतोच, आणि अडचण नेमकी तीच आहे. तो काहीच दाखवत नसता तर बरं झालं असतं.

ठाण्याच्या वर्तकनगरचा एक दहा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आला होता. मी आकडा मोठ्याने म्हटला, "एकशे चार, छासष्ट." मुलगा काळजीत पडला.

"कितीपैकी?"

वडील म्हणाले, "अरे, शंभराच्या वर गेलास! घरी गेल्यावर आईला पेढे आणायला सांगू."

आम्ही सगळे हसलो. माझ्याबरोबर शिकाऊ मुली होत्या, त्यांना मी म्हटलं, "हसू नका, प्रश्न बरोबर आहे." मोठ्या माणसाला आपण एकशेवीस-ऐंशी ही एकच रेघ लावतो. मुलांचं तसं नसतं. मूल किती वर्षांचं, मुलगा की मुलगी, वयाच्या मानाने उंची किती, यावर ठरतं. सहा वर्षांच्या बुटक्या मुलीला जो आकडा जास्त, तो बारा वर्षांच्या उंच मुलाला अगदी बरा असू शकतो. त्याचा तक्ता असतो. आमच्या विभागात तो दाराच्या मागे चिकटवलेला होता. दार उघडं असलं की तक्ता दिसत नसे, आणि दार दिवसभर उघडंच असे. मी शिकाऊ मुलींना दार लावायला लावायची आणि म्हणायची, "आकडा लिहिण्याआधी विचारायचं, कितीपैकी?"

हे मी शिकवत होते, एवढं लक्षात ठेवा.

दुसरा मुलगा घोडबंदर रोडच्या एका टॉवरमधला. चौदा वर्षांचा, वजन पंच्याऐंशी किलो, गोड चेहऱ्याचा. फुटबॉलच्या शिबिरासाठी तंदुरुस्तीचा दाखला हवा होता. नेहमीचा पट्टा त्याच्या दंडावर तीनदा सुटला. चौथ्यांदा टिकला तेव्हा आकडा आला एकशे अठ्ठावन्न. मी वरच्या पुरुषांच्या वॉर्डात जाऊन मोठ्यात मोठा पट्टा मागून आणला. आता एकशे बेचाळीस-अठ्ठ्याऐंशी. आधीपेक्षा खरा, तरीही जास्तच.

त्याची आई लॅपटॉपची बॅग खांद्यावरून न उतरवता उभी होती. म्हणाली, "सिस्टर, चौदा वर्षांच्या मुलाला कसलं बीपी? बीपी त्याच्या आजोबांना आहे."

"म्हणूनच सांगतेय, मॅडम. परवा पुन्हा आणा, मग पुढच्या आठवड्यात एकदा."

"पुन्हा? अहो, त्या ट्रॅफिकमधून यायला दीड तास लागला. आत्ता माझं मोजा, माझं दोनशे असेल!"

मुलगा म्हणाला, "मम्मी, चल ना. एम्बॅरसिंग होतंय."

ते परत आले नाहीत. मी दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा ती फार नम्रपणे म्हणाली, "दाखला मिळाला हो दुसरीकडे. थँक यू." असे किती गेले. मुलांचं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, दिसत नाही. ते आतल्या आत मूत्रपिंड, डोळे, हृदय पोखरत राहतं आणि एक दिवस अचानक बोलतं. तो मुलगा आता नोकरीला लागला असेल. कुठे आहे, कसा आहे, मला माहीत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी करमाळ्याची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, ज्या शाळेत मी शिकले तिथेच शिपाई होते. घंटा त्यांची, फळे पुसणं त्यांचं आणि प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली त्यांची. ती करदोट्याला बांधलेली असे. कपाटात पृथ्वीगोल, नकाशे, काचेच्या नळ्या आणि एक सूक्ष्मदर्शक होता. तो मेणकापडात गुंडाळलेला. साहेब तपासणीला आले की दादा तो बाहेर काढत, पुसत, टेबलावर ठेवत, आणि साहेब गेले की परत गुंडाळून आत. मी एकदा म्हटलं, "दादा, एकदाच बघू द्या की." ते म्हणाले, "फुटला तर परत कोण देणार गं?"

एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक काच फुटली नाही. निवृत्तीच्या वेळी मुख्याध्यापकांनी याच गोष्टीसाठी त्यांना शाल-नारळ दिला आणि आम्ही सगळे अभिमानाने रडलो. विज्ञानात मी शाळेत पहिली आले होते. त्या सूक्ष्मदर्शकातून मी कधीही पाहिलं नाही.

दादांची आणि शाळेची मी ऋणी आहे. ज्या रुग्णालयाने मला ठाण्यात आणलं, राहायला खोली दिली, पुढे शिकू दिलं, त्याचीही ऋणी आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्याची नाही. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. उपकाराखाली वाकलेल्या माणसाला मागता येत नाही, आणि जे मिळालं ते वापरताही येत नाही. तो फक्त जपतो.

आमच्या विभागात लहान मुलांसाठी एकच मापाचा पट्टा होता. शाळांच्या तपासण्यांमध्ये तो नेऊन नेऊन त्याची चिकटपट्टी केसाळ झाली आणि धरेनाशी झाली. आमच्या वरच्या मेट्रनबाईंकडून मला बोलणी बसली. "नीट वापरत नाही तुम्ही लोक. पुढचा यायला वर्ष लागेल." वर्षाने नवा आला. निळा, पारदर्शक पिशवीतला, पट्ट्यावर हत्तीचं चित्र. मी त्याची पिशवीसुद्धा फेकली नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे होती. विभागात डॉक्टर समोर असताना, मूल आजारी दिसत असेल तर मी तो काढायची. काम झालं की स्पिरिटने पुसून, घडी करून, पिशवीत. शाळेच्या तपासणीला तो बरोबर न्यायची, पण पिशवीतच. धुळीचे, चिक्कीने चिकट झालेले शेकडो हात. दोन दिवसांत वाट लागली असती. तिथे मोठा काळा पट्टा चालवायचा. सगळेच चालवत होते. मी नुसती चालवत नव्हते, तर नवीन पट्टा किती चांगला टिकलाय हे मेट्रनबाईंना दाखवत होते.

त्या वर्षी हिवाळ्यात आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूच्या एका शाळेत तपासणीला गेलो. डॉक्टर एक, नर्स दोघी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत दोनशे मुलं संपवायची होती. तिसरीच्या वर्गाबरोबर जान्हवी आली. आठ वर्षांची. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. हात इतके बारीक की बांगडी दंडापर्यंत चढवता आली असती.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, "हिला जरा बघा हो. गणिताच्या तासाला हिचं डोकं दुखतं. नाटकं आहेत सगळी."

जान्हवी म्हणाली, "मराठीला पण दुखतं, बाई."

आम्ही हसलो. तिची आई बाजारातून तशीच आली होती, टोपली दाराबाहेर ठेवून. भारती तिचं नाव, तिशीची असेल. आत यायला बिचकत होती. म्हणाली, "हात वासाचे हायत माझे." मग हळूच, "सिस्टर, पोरीचा डोका लय दुखते गो. सकाळी उठली का ओकते पन कवा कवा."

सकाळची डोकेदुखी, उलटी. मी शिकाऊ मुलींना शिकवायची त्यातलं हे पहिलं वाक्य. मी थांबले, हे मला नक्की आठवतं. माझी पिशवी त्याच बाकावर होती. वरून निळा रंग दिसत होता. मागे रांग होती, समोर पोरीचे हात शेवपुरीने माखलेले होते. मी काळा पट्टा उचलला. तो तिच्या दंडाला जवळजवळ दोनदा गुंडाळला गेला, कोपराच्या खालपर्यंत आला.

एकशे बारा-चौऱ्याहत्तर.

मी कार्डावर आकडा लिहिला, पुढे 'नॉर्मल' लिहिलं आणि सही केली. कितीपैकी, हे विचारलं नाही. तक्ता ठाण्यात दाराच्या मागे होता. तक्ता बघितला असता तर मोठ्या पट्ट्यावर कमी होऊन आलेला तो आकडासुद्धा तिच्या वयाला, तिच्या उंचीला जास्त निघाला असता. पण मोठ्या माणसाच्या डोळ्यांना तो छान दिसला.

भारतीला मी म्हटलं, "बीपी अगदी छान आहे. डोळे तपासून घ्या, आणि उन्हात बाजारात बसवू नका तिला."

"मंग भ्यायचं नाय ना काय?"

"नाही हो. काही नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मलाच बरं वाटलं. दुपारी परत येताना मी पिशवीत हात घालून नवीन पट्टा नीट आहे ना ते पाहिलं होतं.

सात महिन्यांनी जान्हवी आमच्याकडे ठाण्यात आली. झटका येऊन बेशुद्ध झालेली, एक बाजू लुळी. मी ड्यूटीवर होते. मीच कपाट उघडलं, मीच निळा पट्टा काढला, मीच बांधला. एकशे शहाण्णव-एकशे चोवीस. पुन्हा मोजलं. तेवढंच.

तिची मूत्रपिंडं लहानपणापासून हळूहळू खराब होत होती. लघवी उलटी वर चढण्याचा दोष जन्मापासून होता, तो कुणाला कळला नव्हता. त्यातून बीपी वाढलं आणि वाढलेल्या बीपीने उरलेली मूत्रपिंडं संपवायला घेतली. आमच्या मुलांच्या डॉक्टर सबनीस मॅडम फार शांत बाई. त्या भारतीला विचारत होत्या, आधी कधी बीपी तपासलं होतं का? भारतीने कमरेच्या बटव्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात दुसरी पिशवी. त्यात शाळेचं कार्ड, एकही सुरकुती नसलेलं.

"हे काय. तपासला होता. या सिस्टरनीच तपासला. तवा बरोबर होता."

मॅडमनी कार्ड वाचलं, परत दिलं. मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"कोणत्या पट्ट्याने?"

"मोठ्या."

"छोटा नव्हता?"

"होता."

त्यांनी वॉर्डाचं दार ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "सुनंदा, तू तर नव्या मुलींना हे शिकवतेस."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?"

"कदाचित मूत्रपिंडं थोडी वाचली असती. हा झटका बहुतेक टळला असता. कदाचित." मग म्हणाल्या, "तिच्या आईला सांगायला हवं. मी सांगू का तू सांगतेस?"

मी म्हटलं, "मी सांगते."

मी सांगितलं नाही.

त्या दिवशी सांगितलं नाही, कारण पोरगी शुद्धीवर यायची होती. दुसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली, आईला ओळखलं, म्हणून तेव्हाही नाही. आठवड्याने भारतीने माझ्या हातात पापलेटची पिशवी दिली आणि म्हणाली, "तुमी होतात म्हनून," तेव्हा तर कसं सांगायचं? घरी येऊन मी ते मासे शेजारी देऊन टाकले.

बरं, न सांगून ती सुखात असती तरी एक वेळ मी स्वतःला समजावलं असतं. पण आहाराची माहिती देणाऱ्या ताईंनी तिला सांगितलं, "आता मीठ अगदी कमी. पापड, लोणचं, सुकी मासळी पूर्ण बंद." भारतीने त्याचा अर्थ तिच्या परीने लावला. एके दुपारी ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मला म्हणाली, "मीच केला गो बाय हे. सुका बोंबील, सुकी करंदी, पोरीला लय आवडायची. भाकरीवर रोज द्यायची मी. पावसात दुसरा काय असते आमच्याकडं? मीच मीठ चारला तिला."

मी म्हटलं, "नाही हो, तसं काही नसतं." एवढंच. तिला हे नुसतं सांत्वन वाटलं. खरं कारण सांगितल्याशिवाय खोटं कारण जात नाही, हे मला कळत होतं. जीभ उचलली नाही. सबनीस मॅडमनी एकदा विचारलं, "बोललीस?" मी मान हलवली. तिचा अर्थ काहीही होऊ शकत होता. वर्षभराने त्यांची बदली झाली.

जान्हवीचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा कोपरहून ठाणे. लुळा उजवा हात थोडा सुधारला, डाव्या हाताने लिहायला शिकली. मी तिचं बीपी मोजायला गेले की स्वतःच डाव्या हाताने उजवा दंड उचलून पुढे करायची आणि म्हणायची, "हत्तीवाला ना, सिस्टर?" मी म्हणायची, "हत्तीवाला." आकडा सांगितला की विचारायची, "पास का नापास?" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या काळात मी निळा पट्टा सगळ्यांना वापरायला लागले. विभागात, शाळांत, धुळीत, चिक्कीच्या हातांवर. पाच महिन्यांत हत्तीचं चित्र गेलं, मग चिकटपट्टी गेली. मी नवा मागितला. या वेळी बोलणी खाऊन मागितला, लेखी मागितला, तीनदा मागितला. आला तेव्हा पुन्हा एकच आला, आणि मेट्रनबाई म्हणाल्या, "हा तरी जपून वापरा." मधल्या महिन्यांत काळा पट्टाच होता. त्या महिन्यांत ज्यांच्या कार्डावर मी सह्या केल्या त्या मुलांची नावं मला आठवत नाहीत. सहीखाली मी लिहायची, 'पट्टा मापाचा नाही.' ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

जान्हवी अकराव्या वर्षी गेली. डायलिसिसच्या नळीतून रक्तात जंतू शिरले आणि तीन दिवसांत सगळं संपलं. मी तेव्हा रजेवर होते. कामावर आले तर तिच्या पलंगावर दुसरं मूल होतं.

निवृत्तीच्या समारंभात माझाही शाल-नारळ देऊन सत्कार झाला. भाषणात एक जण म्हणाले, "सुनंदा सिस्टरांनी विभागातली वस्तू न् वस्तू पोटच्या पोरासारखी जपली." टाळ्या झाल्या. मला दादा आठवले. घरी आले; त्या शालीची घडी अजून मोडलेली नाही.

गेल्या हिवाळ्यात मी भाचीच्या मुलाला घेऊन त्याच्या डोंबिवलीतल्या शाळेत गेले होते. तिथे तपासणी चालली होती. पहिलीतली पोरं रांगेत उभी होती. टेबलावर आता आपोआप हवा भरणारं यंत्र होतं, नवं कोरं. आणि त्याला एकच काळा पट्टा. तरुण नर्स मुलगी भराभरा लिहीत होती. मी तिला म्हटलं, "बाळ, छोटा नाही का आणला?" ती हसून म्हणाली, "आहे ना मावशी, बॅगेत आहे. पण हा फास्ट होतो." मी तिला समजावलं. तिने ऐकून घेतलं, मान डोलावली. मी वळल्यावर मागे पुन्हा तो खर्रकन आवाज आला. मी बघितलं. काळाच होता.

तिथून मी घरी गेले नाही. भाचीच्या मुलाला वर्गात सोडलं आणि रिक्षा करून कोपरच्या खाडीकडे गेले. भारतीचं घर विचारत विचारत सापडलं. ती ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसली होती. केस बरेच पिकलेले. मला बघून उठली, "बाय! तुमी? या, बसा, चाय टाकते." मी म्हटलं, "चहा नको. आधी मला बोलू दे."

आणि मी सगळं सांगितलं. कोणता पट्टा, कोणता तक्ता, कोणता आकडा. सात महिने आधी काय कळायला हवं होतं. डॉक्टरांनी सांगायला सांगितलं होतं आणि मी सांगितलं नाही. मी हात जोडले नाहीत, माफी मागितली नाही. ती मागितली तर तिला काहीतरी द्यावं लागेल, असं वाटलं.

भारतीने जाळ्यातली सुई खाली ठेवली. शेजारच्या ओट्यावर बोंबील वाळत घातलेले होते, तिच्या ओट्यावर नव्हते.

"म्हंजे सुक्या मासलीनं नाय झाला?"

"नाही."

"मी दिला त्यानं नाय?"

"नाही. तुझ्यामुळे काहीच झालं नाही."

तिने पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं, आता ती मला जायला सांगेल, किंवा शिव्या देईल. कोळीवाड्यात ऐकायला चार घरं होती, मी त्यासाठी तयार होते. तिने पदर काढला तेव्हा आवाज अगदी साधा होता, बाजारात भाव विचारावा तसा.

"तो पोरांचा पट्टा कुठं होता तवा?"

"माझ्या पिशवीत."

"तितंच? शाळंत?"

"बाकावर. तुझ्यासमोर."

"मंग काढला का नाय?"

"नवा होता," मी म्हटलं. "जपून ठेवला होता."

तिला खरंच कळत नव्हतं आणि तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

"कोनासाठी, गो बाय?"